राइट-क्लिक बंद करून काय वाचतं?

पुण्यात वेबसाईट बनवून देण्याचं काम करताना एक मागणी हमखास येते. कामाचं ठरतं, पैशांचं बोलणं होतं आणि गिऱ्हाईक उठता उठता म्हणतं, "तेवढं कुणाला कॉपी करता येणार नाही असं बघा." सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांचे क्लास घेणारे सर असोत, कोथरूडला घरून पाककृती लिहिणाऱ्या ताई असोत, की रविवारी कॅमेरा घेऊन किल्ले चढणारा मुलगा असो, मागणी तीच. तिच्यामागची तळमळ मला पूर्ण कळते. रात्री जागून लिहिलेलं, पदरमोड करून जमवलेलं काम दुसऱ्याच्या नावाने फिरताना दिसलं की माणूस आतून तुटतो. म्हणूनच या मागणीला "हो, करून देतो" म्हणून वरचे दोन-तीन हजार घेणं मला पटत नाही. तसं करून देता येत नाही. मलाच काय, कितीही मोठ्या कंपनीला येत नाही, आणि त्याचं कारण वेबसाईट मुळात चालते कशी यातच आहे.

आधी प्रत, मग पान

एखाद्या दुव्यावर बोट ठेवलं की तुमचा ब्राउझर त्या वेबसाईटच्या सर्व्हरकडे, म्हणजे ती जिथे ठेवलेली असते त्या संगणकाकडे, एक छोटा निरोप धाडतो: अमुक पान पाठव. सर्व्हर त्या पानाचा अख्खा मजकूर, चित्रांचे पत्ते, रंग आणि अक्षरांच्या आकाराच्या सूचना असं सगळं पाठवून देतो. वाटेत ते कुणी वाचू नये म्हणून कुलूपबंद केलेलं असतं, पण किल्ली तुमच्या ब्राउझरकडेच असते, नाहीतर तुम्हाला वाचता कसं येईल? ब्राउझर ते सगळं उतरवून घेतो, मोबाईलच्या मेमरीत ठेवतो आणि त्यावरून पडद्यावर पान रंगवतो. पुढच्या वेळी पुन्हा मागवायला नको म्हणून चित्रं आणि इतर काही फायली तो आपल्या साठ्यात, म्हणजे कॅशेत, राखूनही ठेवतो.

पटत नसेल तर आत्ता करून बघा. एखादा लांबलचक लेख मोबाईलवर उघडा, शेवटपर्यंत एकदा सरकवून घ्या, मग वायफाय आणि डेटा दोन्ही बंद करा. लेख तसाच दिसत राहतो. वर-खाली करता येतो, मोठा करून वाचता येतो. तो जिथून आला त्या सर्व्हरशी तुमचा आता काही संबंध उरलेला नाही. तुम्ही वाचताय ती तुमच्या हातातल्या मोबाईलमधली प्रत आहे.

म्हणजे क्रम असा आहे: प्रत आधी पोचते, पान नंतर दिसतं. "लोकांनी बघावं, पण त्यांच्याकडे प्रत जाऊ नये" असं म्हणणं म्हणजे पहिली पायरी न चढता दुसरीवर उभं राहणं. लक्ष्मी रोडवर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात पत्रक द्यायचं आणि मागून ओरडायचं, "फक्त वाचा हं, खिशात घालू नका." पत्रक तर त्याच्या हातात गेलेलं असतं.

ही कुणाच्या हातून राहून गेलेली त्रुटी नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली, तीच मुळी वेगवेगळ्या संगणकांवर अडकून पडलेली माहिती शास्त्रज्ञांना एकमेकांकडून सहज मिळावी म्हणून. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सगळ्या जगाला विनामोबदला खुलं केलं. कागद इकडून तिकडे पोचवणं हाच त्याचा पाया. पानाचा सोर्स, म्हणजे ज्यावरून ब्राउझर पान रंगवतो तो मूळ मजकूर आणि सूचना, कुणालाही बघता येतो, हेही पहिल्यापासून आहे, आणि या शहरात माझ्यासारखे कितीतरी जण दुसऱ्यांच्या पानांचा सोर्स उघडून बघत बघतच हे काम शिकले. वेब इतक्या झपाट्याने पसरलं त्यात या उघडेपणाचा वाटा फार मोठा आहे असं मला मनापासून वाटतं.

आपल्या कायद्यानेही हे ओळखलेलं आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली तेव्हा कलम ५२मध्ये एक तरतूद आली: इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मजकूर पोचवताना निव्वळ तांत्रिक प्रक्रियेचा भाग म्हणून ओघाने जी तात्पुरती साठवण होते, ती कॉपीराइटचा भंग धरायची नाही. बघणं आणि प्रत होणं एकमेकांपासून सोडवता येत नाहीत, हे मान्य केल्यावरच अशी तरतूद करावी लागते.

कुलपं आणि त्यांचं काय होतं

सगळ्यात लोकप्रिय कुलूप म्हणजे राइट-क्लिक बंद करणं. त्यासाठी पानात जावास्क्रिप्टच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामच्या भाषेतल्या, दोन-चार ओळी टाकतात. त्या ब्राउझरला सांगतात की उजवं बटण दाबलं तर मेनू दाखवू नकोस. साईटला जोडायचे तयार छोटे प्रोग्राम, म्हणजे प्लगइनही मिळतात. पण ब्राउझर वाचणाऱ्याच्या यंत्रावर चालतो आणि शेवटचा शब्द वाचणाऱ्याचा असतो. फायरफॉक्समध्ये शिफ्ट दाबून राइट-क्लिक केलं की मेनू येतोच. जावास्क्रिप्ट बंद केली की त्या ओळी चालतच नाहीत. कंट्रोल आणि यू दाबलं की सोर्स उघडतो. ते अडवलं तर ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूत तीच सोय असते आणि त्या मेनूपर्यंत वेबसाईटचा हात पोचत नाही. शिवाय रीडर मोड आहे, पान जतन करण्याची सोय आहे, प्रिंट देताना पीडीएफ करण्याची सोय आहे. आणि मोबाईलवर तर राइट-क्लिक हा प्रकारच नाही. माझ्या गिऱ्हाइकांच्या साईटवर येणारे बहुतेक वाचक मोबाईलवरच असतात.

दुसरं कुलूप म्हणजे मजकूर निवडताच येऊ नये अशी सूचना पानाच्या सजावटीत घालणं. अक्षरांवर बोट दाबून धरलं तरी निळी पट्टी उमटत नाही. याला उत्तर स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉटमधली अक्षरं गूगल लेन्स उचलून देतं, मराठीसुद्धा. टेसरॅक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्याचं मूळ काम एचपी कंपनीत १९८०च्या दशकात झालं, २००५ साली ते सर्वांसाठी खुलं झालं, आणि आज ते देवनागरी चित्रातून मजकूर काढून देतं. अधूनमधून एखादा काना-मात्रा चुकतो, तो हाताने दुरुस्त करायला कितीसा वेळ लागतो?

बरं, हे झालं एकेक पान उचलणाऱ्याबद्दल. जे घाऊक चोरी करतात, शेकडो पानं एका रात्रीत ओढतात, ते माऊसला हात लावत नाहीत. त्यांचा प्रोग्राम सर्व्हरकडे तोच निरोप धाडतो जो ब्राउझर धाडतो, आणि सर्व्हर तेच उत्तर देतो. राइट-क्लिक अडवणाऱ्या ओळी त्या उत्तराबरोबर जातात खऱ्या, पण चालतात कुठे? प्रोग्रामच्या दृष्टीने ती आणखी चार अक्षरं. ज्याच्या भीतीने कुलूप लावलं, त्याच्यासमोर ते कधी लागतच नाही.

लागतं ते साध्या वाचकासमोर. ज्याला लेखातला एक शब्द उचलून त्याचा अर्थ शोधायचा होता, दुवा नव्या टॅबमध्ये उघडायचा होता, चार ओळी लेखकाच्या नावासकट मैत्रिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या होत्या. तुमचं नाव पसरवायला निघालेला माणूस हाच.

आपण हे एकदा भोगलेलं आहे

मराठीत एक कुलूप काही वर्षं खरोखर लागलं होतं. ते कॉपी थांबवायला कुणी मुद्दाम बसवलं नव्हतं, पण त्याचा परिणाम नेमका तोच होता, म्हणून त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

युनिकोड, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी संगणकावर मराठी लिहायची म्हणजे खास फॉन्ट लागायचे. त्यात पुण्याचं योगदान मोठं आहे. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने इथे भारतीय भाषांसाठी काम केलं, श्री-लिपी हे फॉन्टचं सॉफ्टवेअर इथेच तयार झालं, आणि छापखान्यांचं मराठी जग त्यावर उभं राहिलं. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांमध्ये आलेली कितीतरी पुस्तकं या फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. पण या फॉन्टांची आतली रचना अशी की संगणकाच्या लेखी ती सगळी इंग्रजी अक्षरंच. जिथे संगणकाला एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह दिसायचं, तिथे फॉन्ट पडद्यावर काना, वेलांटी किंवा अर्धा क रंगवायचा. कुठल्या जागी काय रंगवायचं हे प्रत्येक फॉन्टचं वेगळं.

त्या काळातली मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळं ज्यांनी वाचली असतील त्यांना वरच्या कोपऱ्यातली "फॉन्ट डाऊनलोड करा" ही सूचना आठवेल. फॉन्ट बसवला की अग्रलेख स्वच्छ मराठीत दिसायचा. तो कॉपी करून ईमेलमध्ये चिकटवला की उमटायची रोमन अक्षरं, स्वल्पविराम, कंस, डॉलरची चिन्हं यांची खिचडी. एकही शब्द वाचता येत नसे. कॉपी करणाऱ्याला हात टेकावे लागत.

मग काय झालं? एक तर शोधयंत्रांनाही तीच खिचडी दिसायची. गूगलवर मराठीत "उसाचा भाव" शोधलं तर उसाच्या भावावरचा उत्तम लेख सापडायचा नाही, कारण गूगलच्या लेखी त्या पानावर ऊस हा शब्दच नव्हता. वाचकाकडे तो फॉन्ट नसेल, कार्यालयातल्या संगणकावर बसवायची परवानगी नसेल, तर त्यालाही खिचडीच. दुसरं म्हणजे कुलूप टिकलं नाही. कुठल्या चिन्हाच्या जागी कुठलं अक्षर रंगवायचं हे एका फॉन्टपुरतं ठरलेलं होतं, म्हणून कुणीतरी बसून त्याचं कोष्टक बनवलं, आणि फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळू लागले. युनिकोडच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. आपल्याकडे ती अंगवळणी पडायला पुढची बरीच वर्षं गेली, आणि त्या वर्षांत लिहिलेलं खूप काही शोधात न सापडता मागे पडलं. चोरापासून वाचलं असेल थोडंफार, पण ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांच्यापासूनही ते तुटलं. याची मला आजही खंत वाटते.

आज "लेखाचं चित्र करून टाका, म्हणजे कुणी उचलणार नाही" असा सल्ला कुणी देतं तेव्हा मला हाच काळ आठवतो. चित्रातला मजकूर शोधात नीट येत नाही, वयस्कर माणसाला अक्षर मोठं करून सलग वाचता येत नाही, आणि अंध वाचकाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, त्या जागी येऊन गप्प होतं. अंध विद्यार्थी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास एनव्हीडीएसारख्या फुकट स्क्रीन रीडरवर ऐकून करतात. त्यांना अडवून आपण कुणाला अडवलं?

मोठ्यांचीही तीच कथा

कुणी म्हणेल, सिनेमाच्या अ‍ॅपवर स्क्रीनशॉट काढला तर काळा पडदा येतो, मग ते कसं जमतं? तिथे अ‍ॅप, मोबाईलची यंत्रणा आणि आतली चिप अशा तिघांनी संगनमत केलेलं असतं. सिनेमा उलगडतो तो चिपच्या सुरक्षित कप्प्यात, इतर कुणाला ती चित्रं मिळत नाहीत. यासाठी उद्योगाने अफाट पैसा ओतला आहे. तरी सिनेमे फुटतात. डीव्हीडीचं कुलूप १९९९मध्येच उघडलं. ते उघडणाऱ्या प्रोग्रामशी जोडलेलं सर्वांत गाजलेलं नाव योन लेक योहानसेन या नॉर्वेतल्या किशोरवयीन मुलाचं होतं. त्याच्यावर खटला चालला आणि २००३मध्ये तो निर्दोष सुटला. कुलूप कितीही आत नेलं तरी चित्र शेवटी डोळ्यापर्यंत आणि आवाज कानापर्यंत पोचवावाच लागतो, आणि डोळ्याच्या जागी कॅमेरा धरता येतो. लेखाच्या बाबतीत तर कॅमेऱ्याचीही गरज नाही. बघून टाईप केलं तरी चालतं.

यंत्रांना "इकडे येऊ नका" सांगणारी रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची एक फाईल साईटवर ठेवता येते. १९९४पासून ती वापरात आहे, २०२२मध्ये तिचं अधिकृत मानक झालं. पण ती विनंती आहे. सभ्य बॉट, म्हणजे आपोआप पानं ओढणारे प्रोग्राम, ती पाळतात, बाकीचे वाचतही नाहीत. एआय कंपन्यांनी साईटवरचा मजकूर प्रशिक्षणासाठी उचलावा का, हा वाद मोठा आहे आणि एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यातही तो आलेला आहे. तो विषय इथे थोडक्यात संपणारा नाही. एवढं मात्र सांगतो की एकाच पत्त्यावरून मिनिटाला शंभर पानं मागणाऱ्याला सर्व्हरवर अडवणं उपयोगाचं असतं. त्याने घाऊक ओढणं महाग आणि सावकाश होतं. वाचकालाही त्याचा त्रास होत नाही.

मग करायचं काय

क्लासवाल्या एका सरांचं उदाहरण देतो. महाराष्ट्राच्या भूगोलावरच्या त्यांच्या नोट्स पेरूगेट, नवी पेठ भागातल्या अभ्यासिकांमध्ये नावाजलेल्या. वेबसाईट यायच्या आधीही त्यांच्या हस्तलिखित नोट्सचे गठ्ठे झेरॉक्सच्या दुकानांत फिरायचे. साईट झाली आणि थोड्याच दिवसांत त्याच नोट्स दुसऱ्या एका क्लासच्या लोगोखाली टेलिग्रामवर पीडीएफ होऊन आल्या. सरांनी लगेच कॉपी अडवणारं प्लगइन विकत घेतलं. टेलिग्रामवरच्या पीडीएफ थांबल्या नाहीत. सरांच्याच विद्यार्थ्यांचे फोन मात्र येऊ लागले: "सर, माझ्या वहीच्या फाईलमध्ये चार ओळी घ्यायच्या होत्या, होत नाही."

आम्ही दोघं ती चोरलेली पीडीएफ घेऊन बसलो. पहिल्या पानावर लोगो बदललेला, क्लासचं नाव बदललेलं. आणि भीमा खोऱ्याच्या भागात, मुळा-मुठा कुठे मिळते ते सांगताना, वाक्य होतं: "काल आपण फळ्यावर काढलं तसं." ते वाक्य सरांचं. त्यांच्या वर्गातलं. चोरणाऱ्याने ते वाचलंही नव्हतं.

त्यावरून पुढचं सुचत गेलं. आधी हे वेगळं केलं की सरांचं नेमकं काय आहे. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते आणि तिची लांबी १,४६५ किलोमीटर आहे, ही माहिती कुणाच्याच मालकीची नाही. ती सरांनी लिहिली म्हणून दुसऱ्याने लिहायची नाही असं होत नाही. कल्पनेवर आणि विषयावर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलेलं आहे. सरांची आहे ती समजावण्याची रीत, हाताने काढलेले नकाशे, लक्षात ठेवायच्या युक्त्या, स्वतः रचलेले प्रश्न. राखायचं ते हे.

प्लगइन काढून टाकलं. नकाशांवर सरांचं नाव कोपऱ्यात असायचं, जे कापायला दोन सेकंद लागतात. ते आता नकाशाच्या पोटात, सह्याद्रीच्या रेघेला लागून, बारीक पण वाचता येईल असं असतं. कापायचं तर नकाशाच फाटतो. मजकुरात सरांच्याच दुसऱ्या पानांचे पूर्ण दुवे आले. आंधळेपणाने उचलणारा ते दुवेही उचलतो आणि त्याचा वाचक सरांकडे येऊन पोचतो. आणि "काल आपण फळ्यावर काढलं तसं"सारखी वाक्यं पुसून नोट्स गुळगुळीत करायच्या नाहीत हे ठरलं. अशी वाक्यं म्हणजे सही. गूगलमध्ये ते वाक्य अवतरणचिन्हांत टाकून अधूनमधून शोधलं की ते कुठे कुठे गेलंय ते समोर येतं.

ही युक्ती मोठ्यांनीही वापरली आहे. गाण्यांचे शब्द प्रसिद्ध करणाऱ्या जीनियस या अमेरिकन संकेतस्थळाने काही गाण्यांमध्ये सरळ आणि वळणदार अशी दोन प्रकारची अपॉस्ट्रॉफीची चिन्हं ठरावीक क्रमाने पेरली. तो क्रम मोर्स लिपीत वाचला की "रंगेहाथ" या अर्थाचे इंग्रजी शब्द तयार व्हायचे. तीच चिन्हं गूगलच्या शोधात दाखवल्या जाणाऱ्या शब्दांमध्ये तशीच सापडली असा जाहीर आरोप त्यांनी २०१९मध्ये केला. दावा मात्र ते हरले, कारण गाण्यांच्या शब्दांचा कॉपीराइट जीनियसकडे नव्हताच. खूण सापडणं आणि हक्क असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरांकडे दोन्ही होत्या.

विकत द्यायच्या सराव प्रश्नसंचाचं आम्ही वेगळं केलं. तो उघड्या पानावर ठेवलाच नाही. लॉगिन करून, पैसे भरून जो घेतो त्याला मिळणाऱ्या पीडीएफच्या प्रत्येक पानावर त्याचं स्वतःचं नाव फिकट अक्षरांत येतं. याने कॉपी थांबत नाही, हे मी सरांना स्पष्ट सांगितलं. नाव खोडता येतं. पण स्वतःचं नाव असलेली फाईल ग्रुपवर टाकताना बहुतेक विद्यार्थी थबकतात. आणि ज्याची नक्कल होऊच शकत नाही ते सरांकडे आधीपासून होतं: रोजच्या घडामोडींची त्याच दिवशी होणारी भर, आणि शंका विचारली की मिळणारं उत्तर. चोरलेली पीडीएफ त्या दिवसापुरती ताजी असते, परीक्षेच्या पुढच्या जाहिरातीपर्यंत शिळी होते.

चोरी झालीच तर

कॉपीराइट मिळवावा लागत नाही. मूळ लेखन तयार झालं की तो आपोआप असतो, खाली चिन्ह टाका वा न टाका. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं तो टिकतो. नोंदणी ऐच्छिक आहे, साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये, आणि वादात ती नोंद सकृद्दर्शनी पुरावा म्हणून उभी राहते. ज्यांचं पोट लेखनावर आहे त्यांनी ती जरूर करावी असं माझं मत आहे.

हेही ध्यानात घ्या की खासगी अभ्यासासाठी उतरवून घेणं, परीक्षणासाठी वा टीकेसाठी काही भाग घेणं, हे वाजवी मर्यादेत कलम ५२ने मान्यच केलं आहे. तुमच्या पानावरच्या चार ओळी वहीत घेणारा विद्यार्थी चोर नाही. जाणूनबुजून आपल्या नावावर खपवून धंदा करणारा वेगळा. त्याच्यासाठी कलम ६३ आहे: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. दिवाणी दावा लावायचा तर कलम ६२नुसार तुम्ही जिथे राहता वा काम करता तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. पुण्यातल्या लेखकाला शिवाजीनगरला जावं लागेल, समोरचा कुठल्याही शहरातला असो.

पण बहुतेक वेळा तिथवर जायची वेळ येत नाही. चोरलेलं पान ज्याच्या सर्व्हरवर आहे, त्या होस्टिंग कंपनीकडे किंवा मंचाकडे लेखी तक्रार करायची. कॉपीराइट नियम, २०१३मधल्या नियम ७५नुसार त्यांना तक्रारीची खात्री पटली की ३६ तासांत तो मजकूर बंद करावा लागतो. हे बंद राहणं २१ दिवसांचं असतं. त्या मुदतीत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ते पुन्हा चालू करू शकतात. गूगलच्या शोधातून पान काढायला वेगळा अर्ज आहे, १९९८च्या अमेरिकी कायद्याखालचा, आणि तो घरबसल्या भरता येतो. तक्रारीत तुमच्या मूळ पानाचा पत्ता, चोरलेल्या पानाचा पत्ता आणि जुळणाऱ्या ओळी शेजारी शेजारी द्या. "आमचा सगळा मजकूर चोरला" एवढंच लिहिलेल्या तक्रारी पडून राहतात.

आणि तक्रार पाठवायच्या आधी पुरावा गोळा करा, कारण तक्रार पोचली की पान गायब होतं. स्क्रीनशॉटमध्ये पानाचा पत्ता आणि तारीख दिसली पाहिजे. दोन्ही पानं इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या तारखेसकट प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर, जतन करून ठेवा, म्हणजे तारखेला त्रयस्थाची साक्ष मिळते. स्वतःचा प्रत्येक नवा लेख टाकल्या दिवशीच तिथे जतन करायची सवय लावली तर आधी कुणी लिहिलं हा वाद बराचसा तिथेच मिटतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाईलचं हॅश मूल्य, म्हणजे फाईलवरून गणिताने काढलेला बोटाच्या ठशासारखा आकडा, लिहावं लागतं. फाईलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी हे मूल्य बदलतं. म्हणून स्क्रीनशॉट आणि उतरवलेली पीडीएफ एकदा साठवली की तिच्यावर लाल गोल काढू नका, नाव बदलून पुन्हा सेव्ह करू नका. खुणा करायच्या असतील तर दुसरी प्रत काढून तिच्यावर करा, मूळ फाईल पेनड्राइव्हवर वेगळी ठेवा आणि वकिलाला तीच द्या.